मामांची उधारी आणि मामांची मतं

नमस्कार मॅडम,

सांगली जिल्ह्यात, तालुक्याच्या गावी आमचं ठिबक आणि पाइपचं दुकान आहे. गावाचं नाव लिहीत नाही, लिहिलं तर मामा लगेच ओळखू येतील. मामा म्हणजे माझे सासरे, वय 63. त्यांनी 1996 साली एका गाळ्यात दुकान सुरू केलं, आज गोडाऊन धरून तीन गाळे आहेत. फर्म मामा आणि माझे मिस्टर यांच्या भागीदारीत आहे. माझं बी.कॉम. झालंय, दुकानाचा सगळा हिशेब टॅलीत मीच ठेवते.

मामांना निवडणुकीचा नाद आहे. 2012 ला जिल्हा परिषदेला अपक्ष उभे राहिले आणि 612 मतांनी पडले. तेव्हा एका मोठ्या गटाची त्यांना आतून साथ होती. मग 2014 ला विधानसभा, 4,830 मतं. 2017 ला परत जिल्हा परिषद, तिसरे आले. 2019 ला विधानसभा, 3,105. 2024 ला विधानसभा, 1,946. या शेवटच्या वेळी घरातून 31 लाख गेले (निवडणुकीच्या हिशेबात दाखवले ते कमी). गाड्या-डिझेल 9, जेवणं 7, मंडप-सभा 5, फ्लेक्स-पत्रकं 3 आणि 'इतर' 7. सासूबाईंच्या पाटल्या तेव्हा तारण ठेवल्या, त्या अजून सुटल्या नाहीत. दुकानाची उधारी मार्च 2024 ला 38 लाख होती, मार्च 2025 ला 71 झाली.

आता मामा म्हणतात, 2029 ला शेवटचं. 2019 लाही शेवटचंच होतं. परवा दोघंजण आले आणि 'शेठ, पुढचा गुलाल तुमचाच' म्हणून चहा पिऊन गेले. मिस्टर वडिलांपुढं तोंड उघडत नाहीत. सासूबाई म्हणतात, 'माणूस दारू पीत नाही, पत्ते कुटत नाही, एवढा एकच नाद आहे.' मामा वाईट नाहीत हो. माझं बी.कॉम.चं शेवटचं वर्ष लग्नानंतर त्यांनीच फी भरून पुरं करायला लावलं. मी सून, मी बोललेलं बरं दिसेल का? आणि बोलू तरी काय?

(नाव छापू नका.)


ताई,

तुमच्या पत्रात 31 लाखांवर डोळा अडकतो, आणि घरात सगळ्यांचा तिथंच अडकला असणार. मला त्याच्या पुढचं वाक्य जास्त जड वाटलं. उधारी 38 ची 71 झाली, म्हणजे 33 लाखांनी वाढली. निवडणुकीत उघड गेलेल्या पैशापेक्षा ही रक्कम दोन लाखांनी जास्त आहे, आणि तिचा एक रुपयाही कुणी निवडणुकीच्या खात्यावर टाकलेला नाही.

हे कसं होतं ते काउंटरवर बसून तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं पाहिलं असेल. विधानसभेच्या मतदानाच्या तारखा बघा. 2014 ला 15 ऑक्टोबर, 2019 ला 21 ऑक्टोबर, 2024 ला 20 नोव्हेंबर. तिन्ही वेळा तुमच्याकडं द्राक्षाच्या छाटण्या आणि फवारण्यांचे दिवस. बागायतदाराला जुनी लॅटरल (ठिबकची नळी) बदलायची असते, फिल्टर हवा असतो, मोटार जळालेली असते, आणि हातात पैसा नसतो, कारण माल निघायला फेब्रुवारी-मार्च उजाडायचा असतो. एरवी मामा काय करत असतील? मागची बाकी काढायची, थोडे जमा करून घ्यायचे, मग नवा माल द्यायचा. उमेदवार झालेले मामा हे करू शकत नाहीत. ज्याच्या दारात संध्याकाळी हात जोडून उभं राहायचंय त्याला सकाळी 'मागचे बावीस हजार कधी देताय?' असं कोणत्या तोंडानं विचारणार? मग 'लिहून ठेवा वहिनी' म्हणत टेम्पो भरून माल जातो. निकालानंतर मामा आठ-दहा दिवस दुकानाकडं फिरकत नसतील. त्यानंतर वसुलीला गेलं तर लोक म्हणणार, मत दिलं नाही म्हणून राग काढतोय. त्यामुळं तोही विषय मार्चपर्यंत निघत नाही. मार्चमध्ये बेदाण्याचे पैसे होतात, पण त्यातून आधी सोसायटी, मग औषधवाला, मग मजूर. तुमचा नंबर शेवटी.

याच्या पोटात एक गैरसमज आहे, आणि तो मामांचा एकट्याचा नाही, बऱ्याच व्यापाऱ्यांचा असतो. आपण हजार-दोन हजार कुटुंबांना अडीनडीला माल दिलाय, कुणाला नड असताना माघारी लावलं नाही, मग ती माणसं आपलीच, असं त्यांना वाटतं. माणसं आपली असतात हे खरं. लग्नाला येतात, मयतीला येतात, दवाखान्यात डबा आणतात. पण ज्याचं देणं आहे तो माणूस आपल्याला बघून रस्ता बदलतो, हेही तुम्ही पाहिलंच असेल. ज्याचे पैसे द्यायचेत तो आमदार झाला तर पहिली आठवण आपलीच काढेल, असंही कुणाच्या मनात येत असेल. यात उलट्या काळजाचं काही नाही, माणसाचं मन असंच चालतं.

आणि दुकानदाराकडं आणखी एक गोष्ट नसते. आपल्या जिल्ह्याचं राजकारण कसं उभं राहिलं ते आठवा. वसंतदादा पाटलांनी सांगलीत, राजारामबापू पाटलांनी वाळवा तालुक्यात, जी. डी. बापू लाडांनी कुंडलला साखर कारखान्याभोवती माणसं बांधली. त्या माणसांची तत्त्वं, त्याग सगळं होतंच, पण त्याबरोबर रोजच्या जगण्याच्या दोऱ्याही त्यांच्या संस्थांमधून जात होत्या. आज तत्त्वं किती उरली हा वेगळा विषय, दोऱ्या तशाच आहेत. ऊसतोडीची पाळी कधी लागणार, सोसायटीचं पीककर्ज वेळेत मिळणार का, दूध संस्थेत फॅट किती लागणार, पोरगं संस्थेच्या शाळेत चिकटणार का. हे ज्याच्या हातात आहे त्याचा माणूस मतदानाच्या आदल्या रात्री वस्तीवर येतो. मामांच्या हातात काय आहे? ठिबकचा संच. तो शेजारच्या दुकानातही मिळतो.

त्यात आता मतमोजणी यंत्रावर होते आणि केंद्रागणिक आकडे बाहेर येतात. एका केंद्रावर साधारण हजारभर मतदार. कुणी कुणाला मत दिलं ते कळत नाही, पण कुठल्या वस्तीनं दगा दिला ते गावपुढाऱ्याला दुपारपर्यंत कळलेलं असतं. वस्तीवरच्या माणसाला हे ठाऊक असतं. म्हणून तो मामांना मनापासून नमस्कार करतो आणि बटण दुसरं दाबतो. त्या नमस्कारात खोट नसते. मामांचा हिशेब तिथंच चुकतो.

केंद्रागणिक आकड्यांचं निघालंच आहे तर पहिलं काम सांगते. प्रत्येक मतदारसंघाचं अंतिम निकालपत्रक असतं, त्याला नमुना 20 म्हणतात. महाराष्ट्राच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर तो मिळतो. प्रत्येक केंद्र, प्रत्येक उमेदवार, किती मतं, सगळं त्यात असतं. 2014, 2019 आणि 2024, तिन्ही काढा. त्यातून तीनच गोष्टी बाजूला लिहा: मामांच्या स्वतःच्या केंद्रावरची मतं, सासूबाईंच्या माहेरच्या गावची मतं, आणि ज्या गावात सगळ्यात जास्त उधारी आहे त्या गावची मतं. उधारीची यादी तुमच्या टॅलीत गावागणिक निघेल. दोन्ही कागद शेजारी ठेवले की मला तिथं काही बोलायची गरज उरणार नाही, तुम्हालाही नाही.

आता 2012. सगळ्या दुखण्याचं मूळ तिथं आहे. पहिल्याच वेळेला मामा सडकून आपटले असते तर त्याच रात्री विषय संपला असता. ते 612 मतांनी पडले. 'जरा अजून जोर लावला असता तर' हे वाक्य तेव्हापासून त्यांच्या डोक्यात फिरतंय. पण तुम्हीच लिहिलंय, तेव्हा एका मोठ्या गटाची आतून साथ होती. त्या गटाला आपल्याच पक्षाचा उमेदवार पाडायचा असणार, आणि त्यासाठी मामा हाताशी आले. ती मतंही उधारीचीच होती, ताई. ज्याची होती तो पुढच्या वेळेला घेऊन गेला. त्यानंतरचे विधानसभेचे आकडे बघा, 4,830, 3,105, 1,946. खर्च चढतोय आणि मतं उतरतायत. सव्वादोन लाख वैध मतं धरली तर एक-षष्ठांश म्हणजे साडेसदतीस हजार मतं मिळाली तरच अनामत वाचते. दहा हजारांच्या अनामतीचं दुःख कुणाला नाही, पण अंतर किती आहे ते यावरून कळतं. हा टप्पा 'जरा जोर लावला' तर पार होणारा नाही.

मामा यावर काय म्हणतील तेही मला माहीत आहे. 'अपक्ष निवडून येत नाही कोण म्हणतं? 2024 ला सांगलीनंच खासदार अपक्ष दिला की!' बरोबर आहे, विशाल पाटील लिफाफा चिन्हावर निवडून आले. पण ते वसंतदादांचे नातू. वडील प्रकाशबापू खासदार होते. आघाडीत जागा शिवसेनेला (ठाकरे) गेली म्हणून ते अपक्ष राहिले, आणि काँग्रेसचा गावोगावचा कार्यकर्ता त्यांच्यामागं होता. तरीही 2019 ला ते पडले होते. नाव अपक्ष, यंत्रणा पिढ्यान्‌पिढ्यांची. विधानसभेचं सांगायचं तर 1995 ला महाराष्ट्रात 45 अपक्ष आमदार झाले होते. 2019 ला ते 13 झाले आणि 2024 ला फक्त 2. त्या दोघांतले जुन्नरचे शरद सोनवणे आधी आमदार राहिलेले, आणि चंदगडचे शिवाजी पाटील भाजपचे बंडखोर. नुसता दुकानदार म्हणून उभा राहिलेला माणूस या यादीत शोधून सापडायचा नाही.

पडण्यासाठीच उभे राहणारे व्यापारीही देशात होऊन गेलेत, आहेत. बरेलीचे कापड दुकानदार काका जोगिंदर सिंग, ज्यांना लोक 'धरतीपकड' म्हणत, तीनशेच्या वर निवडणुका लढले. 1992 ला तर राष्ट्रपतिपदाला उभे राहिले आणि 1,135 मतं घेऊन चौथे आले. तमिळनाडूत मेट्टूरचे के. पद्मराजन, टायर दुरुस्तीचा धंदा, 1988 पासून दोनशेच्या वर निवडणुका हरलेत. त्यांची आजवरची सगळ्यात चांगली कामगिरी म्हणजे 2011 ची मेट्टूर विधानसभा, 6,273 मतं. (मामांच्या तिन्ही विधानसभांपेक्षा जास्त, हे मात्र त्यांना सांगू नका.) या माणसांना कुणी वेडं म्हणो, मला त्यांचं एक आवडतं. आपण पडणार हे त्यांना अर्ज भरतानाच ठाऊक असतं. म्हणून ते अनामत भरतात, हसतात आणि दुकानात परत येतात. जेवणावळी नाहीत, भाड्याच्या बारा गाड्या नाहीत. मामांनी उद्या असं ठरवलं की 'दर पाच वर्षांनी दहा हजार भरून मी माझं म्हणणं मांडणार', तर मी म्हणेन खुशाल मांडा, हक्कच आहे. मामांची अडचण अशी की ते जिंकायला उभे राहतात आणि जिंकायचं काहीच जवळ नसतं.

मग का उभे राहतात? तुम्ही हा प्रश्न विचारलेला नाही, पण बोलायला जाण्याआधी याचा विचार करून जा. दुकानात मामांचा दिवस कसा जातो? 'शेठ, दहा टक्के कमी करा.' 'शेठ, हा ड्रिपर चोक झाला, बदलून द्या.' कंपनीचा पोरगेला प्रतिनिधी येऊन टार्गेटवरून चार शब्द ऐकवतो. तीस वर्षं खाली मान घालून गोड बोलायचं. आणि पाच वर्षांतून पंधरा दिवस तोच माणूस उघड्या जीपमध्ये उभा असतो, गळ्यात हार, नावापुढं 'लोकनेते', माईकवर कुणी मध्ये तोडत नाही. कारखान्याचे चेअरमनसुद्धा 'शेठ, जरा विचार करा, अर्ज काढा' म्हणून स्वतः फोन करतात. ज्या माणसाच्या केबिनबाहेर मामा एरवी तासभर बसले असते, तो फोन करतो! ही चव एकदा लागली की सुटत नाही. तुमच्या सासूबाईंनी दारू आणि पत्त्यांचं उदाहरण दिलं ते त्यांच्याही नकळत बरोबर जागी दिलंय.

अर्ज काढण्यासाठीच्या फोनवरून आणखी एक. उभं राहण्यासाठी किंवा माघार घेण्यासाठी पैसे देणं-घेणं ही लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 123 खाली लाचच आहे. मामांनी घेतले असतील असं मला तुमच्या पत्रावरून वाटत नाही. पण 'शेठ, तुम्ही उभेच राहा' म्हणणाऱ्या दोघांना ते म्हणण्याचं काही मिळतंय का, हे विचारायला हरकत नाही. एखाद्या गावातली, एखाद्या समाजाची दोन हजार मतं फुटली तर ज्याचा फायदा होतो, तो चहा प्यायला माणसं पाठवू शकतो. तुमच्या टॅलीतल्या 'इतर' सात लाखांच्या प्रत्येक नोंदीपुढं पैसे कुणाच्या हातात दिले त्याचं नाव लिहा. मला वाटतं चार-पाच नावांवर सगळं येऊन थांबेल. त्यातली दोन नावं परवाच्या चहाची असली तर मला नवल वाटणार नाही.

आणि कंसात तुम्ही सहज लिहून गेलात, 'हिशेबात दाखवले ते कमी'. हे सहज नाही. विधानसभेला 2024 मध्ये खर्चाची मर्यादा 40 लाख होती, म्हणजे 31 खरे दाखवले असते तरी चाललं असतं. निकालापासून 30 दिवसांत खरा हिशेब द्यायचा असतो, आणि तो नीट दिला नाही तर निवडणूक आयोग तीन वर्षांपर्यंत अपात्र ठरवू शकतो. जे झालं ते एखाद्या जाणत्या वकिलाला दाखवून ठेवा. यापुढं असला कागद तुमच्या हातून करून घेतला जाऊ नये, एवढं मात्र ठामपणे सांगा. हिशेब तुम्ही ठेवता. उद्या कुणी विचारलं तर उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल.

आता पैशाचं. मामांचे स्वतःचे पैसे मामांनी कुठं घालवायचे हे तुम्ही-मी ठरवू शकत नाही. त्यांनी कमावलंय. पण फर्मचे पैसे मामांचे नाहीत. भागीदारी कायद्याचं कलम 15 सांगतं की फर्मची मालमत्ता फर्मच्या धंद्यासाठीच वापरायची. तेव्हा पहिल्यांदा मामांचं भांडवल खातं आणि उचल (फर्ममधून स्वतःसाठी काढलेले पैसे) वेगळी काढा. 31 मधले किती त्यांच्या वाट्याचे होते आणि किती तुमच्या मिस्टरांच्या, ते समोर येऊ दे. बँकेची कॅश क्रेडिट (सीसी) असेल तर त्यातून निवडणुकीला पैसे गेलेत का तेही बघा. ते पैसे माल भरण्यासाठी दिलेले असतात, आणि बहुतेक बँका तुम्हाला किती कर्ज काढू द्यायचं ते ठरवताना 90 दिवसांच्या वरची उधारी धरतच नाहीत. म्हणजे उधारी 71 वर गेली की कागदावर येणं वाढलेलं दिसतं आणि बँकेच्या लेखी तुमची ताकद कमी होते. हंगामात कंपनीला ॲडव्हान्स द्यायची वेळ येते तेव्हा हे कळतं. भागीदारी करारात एक पुरवणी घाला: वर्षाला अमुक रकमेच्या वर उचल दोघांच्या सहीशिवाय नाही. सीसी खात्यावरही दोघांच्या सह्या. हे तुमच्या मिस्टरांनीच करायला हवं, कारण भागीदार ते आहेत, तुम्ही नाही.

आणि उधारीला मुदत असते, हे अनेक दुकानदार विसरतात. विकलेल्या मालाच्या पैशासाठी कोर्टात जायचं तर साधारणपणे माल दिल्यापासून तीन वर्षांच्या आत जावं लागतं, उधारीची ठरावीक मुदत दिली असेल तर ती संपल्यापासून. 2024 च्या ऑक्टोबरात निवडणुकीच्या धामधुमीत जो माल गेला त्याची मुदत 2027 च्या ऑक्टोबरात संपते. त्याआधी गिऱ्हाइकानं बाकी मान्य असल्याची लेखी सही दिली, किंवा थोडी रक्कम भरली आणि तिची त्याच्या हस्ताक्षरात नोंद राहिली, तर तिथून पुढं तीन वर्षं नव्यानं मोजली जातात. कुणावर दावा लावा असं मी म्हणत नाही. गावात धंदा करायचाय. पण बाकीच्या कागदावर सही घ्यायला दावा लागत नाही, चहा पुरतो. हे काम यंदाच्या बेदाण्याचे पैसे व्हायच्या वेळी सुरू करा आणि मामांनाच करायला लावा. मत मागायला ज्या दारात गेले त्याच दारात सही मागायला जाऊ देत.

बोलायचं कसं? घरात बोलू नका. घरात ते सासरे आहेत आणि तुम्ही सून. एक शब्द वाकडा गेला की सगळं घर त्या शब्दावरच वर्षभर बोलेल. दुकानात बोला, दुपारच्या मोकळ्या वेळी. तिथं ते व्यापारी आहेत, आकडा बघितला की त्यांचं डोकं आपोआप चालतं, आणि तुमचा हिशेब त्यांनी आजवर कधी तपासूनही घेतला नसेल इतका विश्वास आहे. 'मामा, बँकेला स्टॉक स्टेटमेंट द्यायचंय, त्याआधी तुम्ही एकदा हे डोळ्याखालून घाला', एवढ्यावर सुरुवात होऊ शकते. मिस्टर तिथं हजर हवेत. त्यांनी काही बोललं नाही तरी चालेल, पण उठून जायचं नाही, हे आदल्या रात्रीच त्यांच्याकडून कबूल करून घ्या. मेहुणे, चुलते, गावातले हितचिंतक, कुणी नको. चारचौघांत मामा माघार घेणार नाहीत. ते पंधरा दिवस जीपवर उभे राहिलेले आहेत.

'निवडणूक लढवू नका' हे वाक्य काढूच नका. ते तुमच्या मिस्टरांनी मनातल्या मनात म्हणून झालंय. फक्त विचारा, 'कशातून?' 2029 ला उभं राहायचं तर किती, आणि कुठल्या खात्यातून? उत्तर मामांना स्वतःलाच द्यायला लागू दे. ते म्हणाले 'माझ्या वाट्यातून पाच लाख, त्यावर एक रुपया नाही', तर करारात लिहून घ्या आणि पाच लाख गेले असं धरून चाला. मी तर म्हणेन स्वस्तात सुटलात.

लोकांत वावरायची हौस खरीच असेल तर तिला छोटी जागाही आहे. 2012 ला मामांचं जमत आलं होतं त्याचं एक कारण जिल्हा परिषदेचा गट, म्हणजे मतदारसंघ, लहान होता. सरपंच आता थेट लोकांतून निवडतात, पंचायत समितीचा गण आहे. टेंभू-म्हैसाळ उपसा योजनांच्या पाण्याचं वाटप बघणाऱ्या पाणीवापर संस्था आहेत, तिथं पाणी आणि पाइप कळणारा माणूस कुणालाही हवाच असतो. पण हे तुम्ही सुचवू नका. सुनेनं आमदारकीवरून पाणीवापर संस्थेवर आणलं, हे त्यांना सोसणार नाही. सुचलं तर त्यांचं त्यांना सुचेल. नाही सुचलं तरी दुकान वाचलेलं असेल.

आणि ऐकलंच नाही तर? मग तुमच्या मिस्टरांना बँकेत जाऊन सीसीची मर्यादा आहे तिथं गोठवून ठेवायला सांगावं लागेल, आणि करारात फेरफार करून दोघांचे वाटे वेगळे काढायचा विषय काढावा लागेल. कटू आहे, पण बोलल्याशिवाय हे होणार नाही, आणि ते बोलणं तुमचं नाही, त्यांचं आहे. वडिलांपुढं मुलगा बोलत नाही याला आपल्याकडं संस्कार म्हणतात. तुमच्या घरात त्याची किंमत 33 लाख झाली आहे.

तुम्ही बोललेलं बरं दिसेल का, असं विचारलंय. ज्या सुनेचं शिक्षण सासऱ्यानं फी भरून पुरं केलं, तिनं त्या शिक्षणानं त्याचाच हिशेब मांडला तर मला तरी यात वावगं काही दिसत नाही.

राहिल्या पाटल्या. त्या सासूबाईंचं स्त्रीधन आहे, दुकानाच्या किंवा निवडणुकीच्या हिशेबात त्या येतच नाहीत. तारणाची पावती कुणाच्या नावावर आहे, व्याज कधीपासून थकलंय, लिलावाची नोटीस येऊन कुठं कपाटात पडलेली नाही ना, हे आधी बघा. उधारीतून जी पहिली मोठी रक्कम येईल ती मामांच्या उचलीत टाका आणि तिच्यातून पाटल्या सोडवा. पावती सासूबाईंच्या हातात द्या आणि टॅलीत नोंद त्याच दिवशी करा.